न घोटलेलं अळू

माझ्या सासूबाई पानावर बसल्या की पहिल्या घासाला निकाल देतात. बिघडलं असेल तर "असू दे", जमलं असेल तर "चालेल", आणि मनापासून आवडलं तर "छान झालंय". बावीस वर्षं मी हे ऐकते आहे, म्हणजे पहिली दोन. तिसरं मी फक्त दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकलं. शेजारणीच्या नारळीभाताला, लग्नातल्या आचाऱ्याच्या मठ्ठ्याला, एकदा तर विमानातल्या उपम्याला. विमानातला उपमा छान झाला होता! आणि त्यांच्या साठीला मी पहाटे उठून केलेली सांदणं? "चालेल" म्हणाल्या, आणि आणखी दोन वाढून घेतली.

आम्ही ब्राउनश्वाइगला राहतो. नवरा रोज गाडीने वोल्फ्सबुर्गला जातो, मी एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि बहुतेक दिवस घरूनच काम करते. मुलगी म्युनिकला शिकायला गेली, तिची खोली रिकामी झाली, तेव्हा नवऱ्याने आईंना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. दारातून आत पाऊल टाकता टाकताच त्या म्हणाल्या, "ही शेवटची खेप हं माझी. गुडघे आता विमानात बसू देत नाहीत." नवऱ्याचा चेहरा पडला. माझाही पडला, नाही असं नाही, पण खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं की आता तीनच महिने उरले. या तीन महिन्यांत "छान झालंय" मिळवायचं, नाहीतर जन्मात नाही.

मग मी पदर खोचला. थालीपीठ, खांडवी, कुळथाचं पिठलं, नारळ घालून मुगागाठी. "चालेल." "चालेल." कुळथाच्या पिठल्याला "असू दे". फक्त अळूच्या फदफद्याच्या वाटेला मी गेले नाही, कारण तो त्यांचा पदार्थ. गुहागरकडे त्यांच्या गावात कुणाकडे कार्य असलं की अळू घोटायला त्यांनाच बोलावणं यायचं. माझ्या घरी, माझ्या गॅसवर, मी आणलेलं फ्रोझन अळू शिजत असलं तरी अळू शिजून मऊ झालं रे झालं की त्या खुर्चीतून उठायच्या. "सर तू. मी घोटते." रवी माझ्या हातातून जायची आणि मी बाजूला उभी.

दुपार मात्र त्यांना खायला उठायची. मी कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये, त्या खिडकीशी. "इथे दिवसा माणसं कुठे असतात गं?" त्यांनी एकदा विचारलं.

घरापासून एक स्टॉप पुढे, ट्रामच्या स्टॉपमागे एक लहानसं फिलिपिनो रेस्टॉरंट आहे. नवरा-बायको दोघंच चालवतात. तो पूर्वी जहाजावर होता, आता गल्ल्यावर बसतो आणि वाढतो, ती रांधते. दोघं फिलिपिन्समधल्या बिकोल नावाच्या भागातली, आणि तिथलं घरचं जेवण तेवढं त्यांच्याकडे मिळतं. ती सकाळी जे करील तेच दिवसभर. मी कित्येक वर्षं त्या दारावरून गेले होते, मासे आणि डुक्कर असणार म्हणून आत डोकावले नव्हते. एका शनिवारी आई त्या दारापाशी थबकल्या.

"अळू शिजतंय."

"आई, इथे कुठलं अळू? पालक असेल."

"पालकाला असा वास येतो? इतकी वर्षं स्वयंपाक करतेस." आणि मला तिथेच ठेवून त्या आत गेल्या.

ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. माझ्याच वयाची, केस घट्ट बांधलेले. आईंना बघून तिने त्यांचा हात हातात घेतला आणि उलटा करून स्वतःच्या कपाळाला लावला. वडीलधाऱ्यांना त्यांच्याकडे असाच नमस्कार करतात. आई खुलल्या. मी दर वेळी वाकून पाया पडते तेव्हा "असू दे, असू दे" म्हणून पाय मागे घेतात. असं खुललेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं.

अळूच होतं ते. वाळवलेली पानं नारळाच्या दुधात, आलं आणि भरपूर मिरच्या घालून शिजवलेली. त्यात एरवी सुकट असते, पण जर्मन व्हीगन गिऱ्हाइकांसाठी ती एक पातेलं वेगळं ठेवते. पांढऱ्या भातावर तिने ते वाढलं, शेजारी चमचा आणि काटा ठेवला, सुरी नाही. आईंनी चमचा बाजूला सारला, हातानेच कालवलं आणि पहिला घास घेतला. मी सवयीने त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तीही बघत होती.

"छान झालंय," आई म्हणाल्या.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा येत नाही, आमचं सगळं जर्मनमध्ये. म्हणजे जे वाक्य बावीस वर्षं वाट बघूनही मला मिळालं नव्हतं, ते मलाच उचलून दुसरीच्या ओंजळीत टाकायचं होतं. मी टाकलं. अगदी नीट, एक अक्षर कमी न करता सांगितलं की त्या म्हणतात, फार छान झालंय. ती लाजली, दोन्ही हात छातीशी नेले आणि आत पळाली. परत आली ती नारळाच्या दुधातला गोड भात घेऊन. तोही छान झाला होता.

त्यानंतर आईंना दुपारचं घर सापडलं. दुपारची गिऱ्हाइकं संपली की रेस्टॉरंट संध्याकाळपर्यंत बंद असतं, तेव्हा ती दोघं मागच्या टेबलावर स्वतः जेवतात. आईंचं तिसरं पान तिथे मांडलं जाऊ लागलं. काठी टेकत टेकत त्या एकट्या जायच्या. माझ्यासोबत बाजारात जायचं म्हटलं की गुडघा दुखतो, पण त्या स्टॉपपर्यंतचा चढ त्यांना दिसत नव्हता. परत यायच्या त्या डबे घेऊन. आमच्या फ्रिजमध्ये माझी आमटी मागे आणि तिचे डबे पुढे.

"भात बघ तिचा कसा शितं मोकळी." "खोबरं कसं मुरलंय बघ." "आज तिने केळफूल केलं होतं. छान झालं होतं." मी भाकरी थापता थापता ऐकत होते, आणि भाकरीला जरा जास्तच मार बसत होता.

"अगं, बरं झालं ना," नवरा म्हणाला, "आईचं मन रमलं."

"जा, जा. फार बरं झालं."

"तू जेलस आहेस?"

"मी? एका रेस्टॉरंटवालीवर?"

"गेनाऊ," तो जर्मनमध्ये 'अगदी बरोबर' म्हणाला आणि हसला. मी त्या रात्री त्याला तिच्याच डब्यातलं वाढलं, आणि त्याने बोटं चाटली तेव्हा तेही सहन झालं नाही.

होय, जळत होते मी. सरळ शब्दांत सांगते, मत्सर वाटत होता. तिच्या भाताचा नाही. भात माझाही मोकळा होतो. ती काल आली आणि पहिल्या पानाला जे घेऊन गेली त्याचा. आणि तिला एक शब्द कळत नसताना आई तिच्याशी तासन्‌तास काय बोलत होत्या? माझ्याशी बोलायच्या ते दूध उतू जाण्याबद्दल. तिने "जेवलात का" हे दोन शब्द शिकून घेतले होते आणि आई आत शिरल्या की ती ओरडायची, "जेवलात का, नानाय?" नानाय म्हणजे आई. माझ्या सासूला आई म्हणणारी अजून एक तयार झाली, तीही माझ्यापेक्षा गोड आवाजाची.

मग तो बुधवार आला. माझी मीटिंग लवकर संपली म्हणून मी आईंना आणायला गेले. मागचं दार उघडंच होतं. आत मोठ्या पातेल्यात अळू शिजत होतं आणि शेगडीपुढे आई उभ्या होत्या. पदर खोचलेला. ती दोन पावलं मागे, भिंतीला टेकून, हात बांधून बघत होती.

"आज मी करून दाखवतेय," आई म्हणाल्या. "आमसूल घातलंय, गूळ घातलाय."

"मग रवी कुठंय? घोटायचं नाही?"

"नाही घोटायचं. त्यांच्याकडे शिजेपर्यंत ढवळतसुद्धा नाहीत. ढवळलं की घशाला खाजतं, असं तिने खुणा करून सांगितलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अळूला आमसूल पडलं की खाज जाते, आणि न घोटलेलं अळू म्हणजे नुसता पाला, हे मला याच बाईने शिकवलं होतं. एकदा मी फोडणीत मेथ्यांऐवजी जिरं घातलं तर दोन दिवस घरात त्याची चर्चा होती. आणि इथे, परक्या बाईच्या एका समजुतीसाठी, त्या स्वतःचं फदफदं न घोटता शांतपणे उभ्या होत्या. वर तिने चव घेतल्यावर त्याच म्हणाल्या, "तुझ्या पद्धतीनेच छान होतं गं." मी तेही भाषांतर करून दिलं. माझं कामच ते उरलं होतं.

घरी जाताना ट्रामच्या स्टॉपवर मी फुटले. आजूबाजूला जर्मन माणसं उभी होती, त्यांना काही कळणार नव्हतं, म्हणून आणखीच मोठ्याने फुटले.

"आई, माझ्या हातचं तुम्हाला कधी एकदाही छान लागलं नाही का?"

"काय झालं आता?"

"तिला पहिल्या दिवशी म्हणालात. रोज म्हणता. तिच्यासाठी तुम्ही अळू घोटायचं सोडलंत! मला फोडणीत जिरं चाललं नाही. बावीस वर्षांत मला एकदा तरी म्हणायचं होतंत. मी वाट बघतेय. अजूनही बघतेय."

आईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "दुसऱ्याच्या घरी जाऊन चूक काढायची का मी?" त्या म्हणाल्या. मग ट्राम आली, आम्ही चढलो, आणि एका स्टॉपसाठी समोरासमोर बसून दोघी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला ते उत्तर पटलं नाही. ते उत्तरच नव्हतं. चूक काढू नका, पण छान म्हणायला माझ्या घरी बंदी होती का?

त्यानंतर मी घरात नीट वागले, पण बोलणं कमी झालं. त्यांची परत जायची वेळ आली. नवरा त्यांना पोहोचवायला पुण्यापर्यंत जाणार होता. माझी उरलाउब, म्हणजे वर्षाची रजा, संपली होती आणि ऑफिसात त्याच दिवशी नवीन व्हर्जन सुरू व्हायचं होतं, म्हणून मी स्टेशनवरसुद्धा जाऊ शकणार नव्हते. तिने आम्हा सगळ्यांना निघायच्या दिवशी दुपारी मागच्या टेबलावर जेवायला बोलावलं. तिथून ट्रामने सरळ स्टेशन.

आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेले आणि वाळवलेल्या पानांचं एक पाकीट मागितलं. मागताना जीभ जड झाली होती. तिने दोन दिली. आई झोपल्या होत्या तेव्हा मी गुपचूप अळू लावलं. आठळ्या, शेंगदाणे, डाळ, आमसूल, गूळ, फोडणीला मेथ्या. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ते स्वतः घोटलं. खांदा दुखेपर्यंत घोटलं. मनात एकच होतं. शेवटचं पान आहे. त्यांच्या तोंडून निघालं तर आता, नाहीतर नाहीच.

दुसऱ्या दिवशी मागच्या टेबलावर आम्ही पाचजण बसलो: आई, आम्ही दोघं, ती आणि तिचा नवरा. तिचं पातेलं मधोमध, माझा स्टीलचा डबा त्याच्या शेजारी. आईंनी डबा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पान पुढे केलं. भाताच्या एका बाजूला तिचं अळू, दुसऱ्या बाजूला माझं. ती आणि मी, दोघी समोरासमोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. माझा नवरा हसतच होता.

आधी तिचं. "छान झालंय."

मग माझं. आईंनी घास तोंडात घोळवला. "आमसूल कमी पडलं. मेथ्या जरा जळल्यात." अजून एक घास. "घोटलंयस बरं. चालेल."

झालं. मी मान खाली घातली आणि भात कालवायला लागले. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीवर ढकलायची सोय होती.

"काय म्हणाल्या?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

"म्हणाल्या, आंबट कमी आहे, फोडणी जळली आहे. ठीक आहे."

तिने चमचा खाली ठेवला. मला वाटलं ती माझं सांत्वन करणार, आणि ते तर मला मुळीच नको होतं. पण तिचा चेहरा वेगळाच होता. तो चेहरा मी ओळखला, कारण तीन महिने तो मी आमच्या बाथरूमच्या आरशात बघत होते.

"माझ्या अळूत त्या कधीच काही काढत नाहीत," ती म्हणाली. "त्या बुधवारी मी मुद्दाम मागे सरले होते. म्हटलं, आज तरी पळी घेतील, मला बाजूला सारतील, सांगतील की बाई, तुझं चुकतंय. त्यांनी ढवळलंसुद्धा नाही. पाहुणी कशाला ढवळेल?" तिने एकदा आईंकडे पाहिलं. "मला हे करायला सासूने शिकवलं. गावच्या पाहुण्यांनी काही केलं की ती सगळ्याला छान म्हणायची. मला मात्र रोज मीठ सांगायची, कमी झालं, जास्त झालं. ती गेली. आता मला मीठ सांगणारं कुणी नाही."

मी हे ऐकलं आणि मराठीत सांगायला आईंकडे वळले. आईंनी तोवर माझा डबा स्वतःकडे ओढला होता. तळाशी लागलेलं त्या चमच्याने खरवडून घेत होत्या. तिच्या पातेल्यातलं त्यांनी पहिल्या वाढीनंतर घेतलं नव्हतं. साठीच्या दिवशीची ती वर वाढून घेतलेली दोन सांदणं माझ्या डोळ्यांपुढे आली.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. त्यांची आगगाडी रद्द झाली होती आणि विमान गाठायचं तर आधीची पकडायला हवी होती, म्हणजे आत्ता, लगेच. जेवण अर्ध्यावर टाकून सगळी धांदल. कोट, काठी, बॅगा. तिच्या नवऱ्याने बॅगा दारापर्यंत ओढल्या. ती मात्र जागची उठली नाही. तिने आपलं ताट दोन्ही हातांनी धरलं आणि टेबलावरच गोल फिरवलं.

"हे काय?" आईंनी दारातून विचारलं.

तिने मला सांगितलं, मी आईंना. त्यांच्याकडे कुणी जेवणाच्या मधूनच प्रवासाला निघालं तर जे मागे जेवत राहतात ते आपापली ताटं फिरवतात. म्हणजे जाणारा सुखरूप पोहोचतो.

"छान आहे हे," आई तिला म्हणाल्या. मग उठून तिने आईंचा हात शेवटचा कपाळाला लावला. मी वाकले. "असू दे, असू दे," आई म्हणाल्या आणि या वेळी पाय मागे घेतले नाहीत.

मी उभी राहिले तेव्हा त्यांनी माझ्या गालाला हात लावला. हाताला अजून अळूचा वास होता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचे ओठ हलले. मला एकदम स्टॉपवरची मी आठवली, जर्मन लोकांत उभी राहून ओरडून मागणारी. आई माझी समजूत काढायला आता ते बोलणार, जाता जाता देऊन टाकणार, असं वाटलं. नका म्हणू, मी मनात म्हणत होते. आई, आता नका म्हणू.

"पुढच्या वेळी," आई म्हणाल्या, "आमसूल आधी भिजत घाल."

आणि काठी टेकत नवऱ्यामागून गेल्या.

मी आत येऊन माझ्या जागेवर बसले. ती माझ्याकडे बघत होती, काय म्हणाल्या ते ऐकायला थांबली होती. मी सांगितलं नाही. तेवढं तरी माझ्या एकटीचं होतं. मी माझं ताट दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवलं.